गुण विचारायचे नाहीत

नेपरव्हिल
रविवार, ७ सप्टेंबर

तीर्थरूप तात्या,

नमस्कार लिहिला की पुढचं सुचत नाही, म्हणून तो शेवटी लिहीन. फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघं "बरं आहे ना", "बरं आहे" म्हणतो आणि गप्प बसतो, मग शिवांगी बिचारी मधे पडून पावसापाण्याचं बोलते. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तिच्या फोनवर पाठवतेय. शिवांगी, हे आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही. चष्मा दे त्यांना आणि बाहेर जाऊन बस.

विचारायचं एवढंच आहे. तुमच्या एखाद्या खेळाडूला डोक्याला लागलं तर तुम्ही काय करायचात?

अनिकाला काल लागलं. तुमची नात आता एकोणीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत हॉस्टेलवर राहते, शनिवारी-रविवारी घरी येते आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. हो, ऑस्ट्रेलियन. अमेरिकेत, सांगलीकडच्या आईची मुलगी. इथं राहून लोक काय काय शोधून काढतात! लांबट चेंडू, चार खांब, हातानं धरायचा, पायानं मारायचा, आणि हेल्मेट-बिल्मेट काही नाही. तिचा कोच ब्रेंडन मेलबर्नचा आहे, नोकरीसाठी इकडं आलाय. त्यानं पंधरा-वीस मुली जमवून क्लब काढला. पहिल्यांदा मॅच बघितली तेव्हा मी अतुलला म्हटलं, अहो, ही तर चेंडू घेऊन खेळलेली कबड्डी! तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक करतेय.

तर काल चेंडू धरायला ती उंच उडाली आणि खाली येताना दुसरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज मला खुर्चीत ऐकू आला. थोडा वेळ पडून होती. मग उठली, हसली. ब्रेंडननं बाहेर घेतलं, नेमाप्रमाणे प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं बरोबर दिली. ती परत आत गेली, शेवटपर्यंत खेळली, संघ जिंकला. आता वीस तारखेला फायनल आहे.

म्हणजे काळजीचं काही नाही. अतुल हेच म्हणतोय. मग मी काल रात्रभर जागी का होते, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

तुम्ही चाळीस वर्षं गावोगावची पोरं-पोरी खेळवलीत. तुम्हाला ठाऊक असेल. लवकर कळवा.

नमस्कार.
कांचन

पलूस
९ सप्टेंबर

चि. कांचन,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. शिवांगी बाहेर गेली नव्हती, दाराआड उभी होती. असो.

तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी माझे प्रश्न. कोचनं काय विचारलं? उत्तरं पोरीनं स्वतः दिली का? गाडीत बसल्यावर काय बोलली? वांती झाली का? उजेड सोसतोय का?

तू सगळं लिहिलेलं नाहीस. तू लहानपणी खोटं बोलायची नाहीस, पण अर्ध्यावर थांबायचीस. ती खोड अजून तशीच आहे.

या खेळात गडी किती?

तात्या

नेपरव्हिल
१० सप्टेंबर

तात्या,

अठरा असतात. इथं माणसं मिळत नाहीत म्हणून नऊ-नऊ खेळतात. तुम्ही म्हणजे कमाल आहात. मी इथं जीव मुठीत धरून बसलेय आणि तुम्हाला गडी मोजायचेत.

बरं. अर्ध्यावर थांबले होते, खरं आहे. ऐका.

अनिका माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते. लहान होती तेव्हा मराठी बोलायची, शाळेत गेली आणि ते संपलं. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आमचं घर असंच चालतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बाकीच्यांची मुलं चार ओळी म्हणतात तेव्हा मी ताटं मांडायच्या निमित्तानं आत जाते. तर शनिवारी ब्रेंडन तिला प्रश्न विचारत होता, तेव्हा ती माझ्या खुर्चीकडं पाठ करून उभी होती. मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं मान वळवली आणि बाटली घेता घेता मराठीत म्हणाली, "आई, लास्ट गोल कुणी केला गं?"

'गं' म्हणाली, तात्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! मी म्हटलं, "राजीवकाकांच्या मुलीनं की." आमच्या मंडळातल्या राजीवची सिया तिच्याच संघात आहे. अनिका वळली, ब्रेंडनशी काहीतरी बोलली, परत मागं बघून म्हणाली, "मागच्या वीकला आपण जिंकलो का?" मी म्हटलं, "हरलो गं बाई, त्या मिलवॉकीवाल्यांकडून." आणि शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीकडं, नैनाकडं, बघून हसलेसुद्धा, की बघ, माझी मुलगी बोलते हो मराठी.

ब्रेंडनला वाटलं असेल पाणी मागतेय. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि आत पाठवलं.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "सो, डिड वी विन?" मी सांगितलं. सिग्नल ओलांडला, परत विचारलं. घर आलं तेव्हा तिसऱ्यांदा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ब्रेंडन नेमके हेच प्रश्न विचारून तिची परीक्षा घेत होता, आणि मी मागच्या बाकावरून कॉपी पुरवत होते.

वांती एकदा झाली. म्हणाली, पिझ्झा बरा नव्हता. घरात गॉगल लावून बसली होती. डॉक्टरकडं चल म्हटलं तर, "आय पास्ड द टेस्ट, आई. स्टॉप." रविवारी संध्याकाळी हॉस्टेलवर गेलीसुद्धा. इथं एकोणीस वर्षांच्या मुलीला आई ओढून नेऊ शकत नाही. मी तासातासाला मेसेज करते आणि उत्तर येईपर्यंत फोन हातातून सोडत नाही. माझं ऑफिसातलं कामच टेस्टिंगचं आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी!

आता तुम्ही म्हणाल, हिला आमचा नेम आठवला नाही का. आठवला. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. तुमच्या तालमीत गुण विचारायचे नाहीत. जो विचारेल त्यानं चिंचेखाली जाऊन बसायचं, दिवसभर. आम्ही मुली हसायचो. तात्यांना वाटतं, गुण ज्याच्या ध्यानात नाही त्याचं खेळात लक्ष नाही. शिस्त!

मी सतरा वर्षांची होते, तात्या. इस्लामपूरला फायनल. राज्याची निवड करणारे समोर टेबल टाकून बसलेले. मी चढाई करून आले, तुमच्याशेजारी उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "तात्या, किती झालं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. "बस" म्हणालात. मी रडले, पाया पडले. सगळ्या इस्लामपूरसमोर. आपण एका गुणानं हरलो. घरी आल्यावर आई म्हणाली, पोरीला काहीतरी सांगा, तर तुम्ही गोठ्यात गेलात म्हशीला वैरण घालायला. आठवडाभर तेच. मी खोलीत पडलेली आणि तुम्ही सारखे गोठ्यात. मुलीपेक्षा म्हैस बरी, असंच वाटलं मला. आई नंतर म्हणायची, तुला लागलं होतं गं. ती तुमची बाजू सावरायची, ते मला कळत होतं.

त्यानंतर मी मैदानात पाय ठेवला नाही आणि तुमच्याशी धड बोलले नाही. आईच्या दिवसांना आले होते तेव्हाही नाही. आता बोलतेय ते नाइलाजानं. मी काय करू ते सांगा.

कांचन

पलूस
१२ सप्टेंबर

चि. कांचन,

अनेक आशीर्वाद.

तू चढाई करून आली नाहीस. तुला उचलून आणलं.

त्यांच्या कोपऱ्यातल्या पोरीनं तुझा घोटा धरला आणि दुसरी अंगावर आली. तुझं डोकं आधी जमिनीला लागलं. तू उठली नाहीस. मी आणि पंचानं तुला उचललं. रेषेबाहेर आल्यावर तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, किती झालं. तुला हे आठवत नाही. आठवणारच नाही. तुझ्या संघातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं तर तू त्यांना म्हणालीस, तात्यांनी पढवून पाठवलंय. आईनं सांगितलं तर तिलाही तेच. मग मी म्हटलं राहू दे.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. लिहायला दोन दिवस लागले.

बाबू खराडे नावाचा माझा जोडीदार होता. आम्ही दोघं एकाच तालमीतले, एकाच ताटात जेवलेले. तो चढाईचा, मी पकडीचा. एकाहत्तर साली आमचा संघ ऐन भरात होता. डिसेंबरात लढाई लागली. आमच्यातले तिघं पलटणीत होते, ते रजेवर आलेले तसेच निघून गेले. आम्ही सातच उरलो, राखीव गडी एकही नाही. सांगलीला जवानांच्या मदतीसाठी सामने भरवले होते. रात्री दिवे बंद, म्हणून दुपारच्या उन्हात खेळायचं. बाबू पडला, डोक्यावर. उठला. अंगावरची माती झाडली आणि मला विचारलं, "गड्या, किती झालं रं?" मी गुण सांगायच्या आत आमचे वस्ताद बाहेरून ओरडले, "चढाई तुझीच आहे, जा!" तो गेला. त्या चढाईत त्यानं दोन गडी मारले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई अंथरुणाशी बसून त्याला हाका मारत होती.

वस्तादांना दोष देत नाही. त्या वेळी कुणाला काय माहीत होतं? लढाईचे दिवस, तिकडं पोरं मरत होती, इकडं डोक्याला लागलं म्हणून कोण बसवणार? पण त्याचा तो प्रश्न माझ्या कानांतून गेला नाही. पुढच्या महिन्यात मला राज्याच्या संघाचं बोलावणं आलं. मी गेलो नाही. सगळ्यांना सांगितलं, गुडघा गेला. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मला मैदानात उतरायची भीती वाटत होती.

मग मास्तर झालो आणि पोरं खेळवायला लागलो. एस.टी.नं या गावातून त्या गावाला. बोरगाव, कुंडल, वांगी, जिथं बोलावतील तिथं. खेळ सोडवतही नव्हता. एकच नेम केला. गुण विचारेल तो बसेल. खरं कारण सांगितलं असतं तर पोरांनी भीतीनं खेळ सोडला असता, आणि धीट होती त्यांनी प्रश्न गिळला असता. म्हणून शिस्त म्हणून सांगितलं. तेही चुकलंच असेल.

तुला बसवलं तेव्हा मीही घाबरलो होतो. तुझ्याकडं बघितलं असतं तर तू रडून मला वळवलं असतंस, म्हणून बघितलं नाही.

तिच्या कोचला सांग. तिला बसव.

तात्या

नेपरव्हिल
सोमवार, १५ सप्टेंबर

तात्या,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि तशीच घरी आले. बाबूकाकांबद्दल काय लिहू? मला ते नावसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या पडण्याबद्दल मात्र एक सांगते. मी डोळे मिटून बघतेय, सारखं बघतेय, आणि मला काही दिसत नाही. चढाईला गेले ते दिसतं आणि तुमच्याशेजारी उभी आहे ते दिसतं. मधलं नाही. इतकी वर्षं मी त्या मधल्या नसलेल्या गोष्टीवर रागावले होते. ते पचायला मला वेळ द्या.

आत्ता भीती दुसरी आहे. अनिका शनिवारी आली होती. मी सगळं बोलले. म्हटलं, तू मला विचारून उत्तरं दिलीस. तर म्हणते, "आय डिडन्ट. व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?" खोटं बोलत नव्हती, तात्या. तिला आठवतच नाही. पडलेलंही आठवत नाही. राजीवनं मॅचचा व्हिडिओ काढलाय, त्यात नेमका सियाचा गोल दिसतो. अनिका पडते ती मागं कुठंतरी, कुणाच्या तरी पाठीआड.

काल दुधाचा कप तिनं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि दुसरा कप भरून तोही ठेवायला गेली. दार उघडल्यावर पहिला दिसला. तो कुणी ठेवला, असं मला विचारलं. मी म्हटलं, मी.

का म्हटलं असेन मी? कॉपी पुरवायची सवयच लागली बहुतेक.

मी म्हटलं, ब्रेंडनला सांगते. तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतात. आधी इंग्लिशमध्ये चिडली. फायनलला देशाच्या संघाची निवड करणारे येणार आहेत, दोन वर्षं ती ह्याचीच वाट बघत होती. मग माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, प्लीज ना गं. नको सांगू. प्लीज." मराठीत. ही पोरगी मला बरोबर ओळखून आहे. ज्या आवाजासाठी मी तरसत होते तो आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला.

मी नाही म्हटलं. तर हात काढून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "इफ यू टेल हिम, आय'म डन विथ यू." धमकी वाटली नाही. मी पण तेव्हा तुमच्याबद्दल अशीच शांतपणे म्हणाले होते.

अतुल म्हणतो, ॲडल्ट आहे, तिचा डिसिजन आहे, तू मधे पडलीस तर कायमची तुटेल. तो वाईट माणूस नाही, तो पण घाबरलाय. फक्त तो मुलगी तुटायला घाबरतोय आणि मी मुलगी मरायला, आणि दोन्ही एकाच छातीत असल्यावर माणसानं कुणीकडं पळायचं? मी ब्रेंडनचा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. आज चार वेळा ठेवला.

तुम्ही बसवलंत आणि मी तुटले. मग तुम्ही मला तेच करायला का सांगता?

कांचन

पलूस
१६ सप्टेंबर

चि. कांचन,

अनेक आशीर्वाद. तू विचारलंस म्हणून लिहितो. पोर तुटेल. अतुलराव बरोबर बोलतात.

तू इतक्या लांब गेलीस, बोलली नाहीस, तरी दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला मी शिवांगीच्या बापाला विचारायचो, आता कितवं लागलं. तो सांगायचा. तो आकडा वाढत गेला. मला तेवढं पुरलं.

उद्या बुधवार, उद्याच सांग. शनिवारपर्यंत थांबू नकोस, तिथं तुझं मन डळमळेल.

तात्या

नेपरव्हिल
सोमवार, २२ सप्टेंबर

तीर्थरूप तात्या,

सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी सरावाच्या मैदानावर गेले. मुली यायच्या होत्या. ब्रेंडन गाडीच्या डिकीतून चेंडू काढत होता. मी इंग्लिशमध्ये वाक्य पाठ करून गेले होते, ते विसरले आणि भडाभडा सगळं बोलले. तिनं मला मराठीत विचारलं, मी सांगितलं, तू तिला आत पाठवलंस. तो चेंडू हातात धरून डिकीच्या कडेवर बसला. "शी आस्क्ड यू? राइट इन फ्रंट ऑफ मी?" एवढंच म्हणाला. माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं त्याच्या आजोबांचं सांगितलं. तुम्ही गडी किती ते विचारलंत ना, तर हे तुमच्यासाठी. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबकडून खेळायचे. निम्मे खेळाडू सैन्यात गेलेले, म्हणून सतरा वर्षांच्या पोराला थेट मोठ्यांत घेतलं. दोन सीझन खेळले, मग स्वतः न्यू गिनीच्या जंगलात लढायला गेले. परत आले तेव्हा क्लबला नवी पोरं मिळाली होती. मग ते लांब गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात कोच झाले. खेळायचे पण आणि शिकवायचे पण. मातीच्या रस्त्यांवरून जुन्या ट्रकमध्ये पोरं भरून या गावातून त्या गावाला. ब्रेंडन सांगत होता आणि मला एस.टी.च्या मागच्या सीटवर पोरी कोंबून बसलेले तुम्ही दिसत होतात.

ते किती वेळा डोक्यावर पडले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उठायचे आणि खेळायचे, त्याचंच गावाला कौतुक. साठी व्हायच्या आधीच विसरायला लागले. बायकोला ओळखायचे नाहीत, पण रोज जेवायला बसले की विचारायचे, शेवटचा गोल कुणी मारला? आजी कुणाचं तरी नाव सांगायची. ते खूश व्हायचे आणि जेवायचे. ब्रेंडन म्हणाला, मी मुलींना तो प्रश्न विचारतो तेव्हा दर वेळी मला पॉपचं, म्हणजे आजोबांचं, ताट दिसतं.

त्यानं अनिकाला तिथंच फोन केला. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय सरावही नाही आणि फायनलही नाही. तिनं त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला तिनं एक शब्दही सांगितला नाही.

गुरुवारी अतुल तिला घेऊन डॉक्टरकडं गेला. तिच्याबरोबर जायची मला परवानगी नव्हती. स्कॅन केला. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मार लागलाय तो स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही, पण लक्षणं स्पष्ट आहेत, सहा आठवडे खेळ बंद, कॉलेजही दोन आठवडे नको, घरी अंधारात झोपायचं. अतुलनं त्यातलं सगळं ऐकलं. अनिकानं एकच ऐकलं, स्कॅनमध्ये काही निघालं नाही.

शनिवारी ती मैदानावर गेली. गॉगल लावून खुर्चीत बसली. मी गाडीतूनच बघितलं, जवळ जायची छाती झाली नाही. संघ हरला. किती फरकानं ते विचारू नका, एवढ्याशा फरकानं. निवड करणाऱ्यांनी सियाला घेतलं. अनिकानं उठून तिला मिठी मारली, मग गॉगलच्या खालून डोळे पुसले. तात्या, मला धावत जाऊन म्हणावंसं वाटलं की चुकले, जा, खेळ. मॅच संपली होती तरीसुद्धा.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नथिंग वॉज रॉन्ग विथ मी. यू मेड इट अप." त्यानंतर बोललेली नाही. तळघरातली खोली अंधारी आहे म्हणून तिथं झोपते. जेवण अतुल नेऊन देतो.

म्हणजे माझ्याकडं पुरावा नाही. तुमच्याकडंही नव्हता. ती खेळली असती तर कदाचित काही झालं नसतं, कदाचित देशाच्या संघात गेली असती, आणि हे मला मरेपर्यंत कळणार नाही. तुम्हालाही माझं कळलं नाही. मला वाटायचं तुम्ही इतके ताठ होतात कारण तुम्हाला खात्री होती.

भीती अजून गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात बरी होईल, तरी नाही. ती झोपली की मला करमत नाही आणि जागी असली की तिच्यासमोर जायची सोय नाही. कपडे धुवायचं मशीन खाली तळघरात आहे, तिच्या दाराशेजारी. काल मी टॉवेल धुतले, वाळवले, घड्या घालून वर आणले, आणि थोड्या वेळानं तेच टॉवेल घेऊन परत खाली गेले. दारापाशी थांबायचं, आतून श्वासाचा आवाज आला की मशीन सुरू करायचं आणि वर यायचं. आज सकाळपासून तिसऱ्यांदा तेच चाललंय. अतुल म्हणाला, अगं, स्वच्छ आहेत ते. मी म्हटलं, असू देत.

आपल्या गोठ्याची वाट माझ्या खिडकीखालून होती ना, तात्या? तुमच्या त्या म्हशीनं त्या आठवड्यात एवढी वैरण कशी खाल्ली, ते आज कळलं.

नमस्कार.
कांचन